माणग्याची गळकाठी घरी कशी तयार करावी : बेटातल्या निवडीपासून पाण्यापर्यंत

फायबरची किंवा कार्बनची गळकाठी आता तालुक्याच्या गावीही मिळते आणि ती कमी कष्टात मासाही देते, हे आधीच मान्य करतो. तरीही ज्याचा गरवण्याचा, म्हणजे गळाने मासे धरण्याचा, नाद आयुष्यभराचा आहे, त्याला कधी ना कधी स्वतःच्या हाताने काठी करून पाहावीशी वाटतेच. अशा वेळी नवखा माणूस बहुधा बाजारात पहिला दिसेल तो बांबू उचलतो, पॉलिश पेपरने घासून तो गुळगुळीत करतो, त्यावर वार्निशचा जाड थर चढवतो आणि पहिल्याच पावसाळ्यात ती काठी एक तर वाकडी होते किंवा शेंड्यापाशी मोडते. दोष त्याच्या हाताचा नसतो. गळकाठी चांगली होते ती निवड, वाळवण आणि शेक या तीन टप्प्यांत, आणि नवखा माणूस नेमके हेच तीन टप्पे घाईने उरकतो. म्हणून या लेखात त्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे आणि धागा, कड्या, वार्निश यांना त्यामानाने कमी.

येथे सांगितलेली काठी सुमारे दहा फूट लांबीची, दोन तुकड्यांची आणि माणगा जातीच्या अखंड, म्हणजे पट्ट्या न चिरलेल्या, बांबूची आहे. खाडीच्या काठावरून काळुंद्र किंवा लहान तांबोशी, तळ्यावर चिलापी, ओढ्यात मरळ अशा साधारण किलो-दीड किलोपर्यंतच्या माशांसाठी ती उत्तम चालते. खडकावरून लांब फेक करून मोठा जिताडा काढण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

१. आधी वेळापत्रक समजून घ्या

हे काम ऋतूंच्या तालावर चालते. बांबूचे नवे कोंब पावसाळ्यात वर येतात आणि त्या काळात बेट, म्हणजे एकत्र वाढलेला बांबूचा झुपका, आपला साठा त्यांच्यावर खर्च करत असते. पावसाळ्यात तोडलेल्या काठीत पाणी फार असते आणि ती लवकर किडते. म्हणून तोड दिवाळीनंतर, शक्यतो पौष-माघात करावी. त्यानंतर भिजवण आणि सावलीतली वाळवण चैत्रापर्यंत चालते. शेक देणे, जोड बसवणे, धागा गुंडाळणे ही कामे चैत्र-वैशाखात होतात आणि वार्निशचा शेवटचा हात मृगाच्या आत संपला पाहिजे, कारण कोकणातल्या पावसाळी हवेत वार्निश दिवसेंदिवस चिकट राहते. हे वेळापत्रक चुकलेच, तर काठी तशीच पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाळू द्यावी. त्यात नुकसान काही नाही; उलट वर्षभर वाळलेली काठी अधिक कडक निघते.

तोड अमावास्येच्या सुमारास करावी, म्हणजे बांबूला कीड लागत नाही, असे कोकणातले शेतकरी सांगतात. मी ते पाळतो, पण त्या भरवशावर पुढची प्रक्रिया मात्र टाळत नाही.

२. परवानगी आणि कागदपत्रे

यात गोंधळ बराच होतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना ‘झाड’ म्हणून होत असे. २०१७ साली केलेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावरचा किंवा परसातला बांबू जमीनमालकाच्या संमतीने तोडता येतो. वनजमिनीवरच्या बांबूला मात्र ही सवलत नाही. तेथे एक काठी तोडायची असली तरी वन विभागाला विचारावेच लागते. जवळ ठेवायच्या गोष्टी अशा:

– बांधावरचा बांबू असल्यास मालकाची संमती. ओळखीचा माणूस असेल तर तोंडी पुरते, परंतु गाडीतून दहा-पंधरा काठ्या नेणार असाल तर दोन ओळींची चिठ्ठी बरी.
– विकत घेतला असल्यास दुकानाची पावती.
– धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यावर गरवणार असाल तर तेथील मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी. ‘एका गळाने काय होते’ हे उत्तर काठावर चालत नाही, आणि चालू नये.
– अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकण्याचा विचारच करू नये.

परदेशातल्या मराठी वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कच्चा बांबू किंवा बांबूची वस्तू घेऊन ऑस्ट्रेलियासारख्या देशात उतरताना ती विमानतळावर जाहीर करावी लागते. कीड नसलेली, वार्निश केलेली काठीसुद्धा तपासणीला द्यावी लागू शकते.

३. कोणता बांबू घ्यावा

आपल्याकडे सहज मिळणारे बांबू प्रामुख्याने तीन. कळक काटेरी, जाड आणि पोकळ असतो. शिडी, मांडव, पडाव यांना तो चांगला, गळकाठीला नाही. विदर्भातला मानवेल बराचसा भरीव आणि चिवट असतो, पण सरळ काठी शोधायला वेळ लागतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर आणि गोवा या पट्ट्यात बांधावर लावला जाणारा माणगा मात्र या कामासाठी अगदी योग्य आहे. त्याला काटे नसतात, तो बऱ्यापैकी सरळ वाढतो, खालच्या भागात जवळजवळ भरीव असतो आणि वर बारीकशी पोकळी असते. कोल्हापूरकडे माणग्याला ‘मेस’ म्हणतात, त्यामुळे विचारताना दोन्ही नावे सांगावीत.

मानवेलाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या चिकटवून गळकाठ्या करायला सुरुवात झाली, तेव्हा तेथील कारागीर ‘कलकत्ता केन’ नावाने हिंदुस्थानातून येणारा बांबू वापरत. तो बांबू म्हणजे मानवेलाचीच जात. त्याच्या काठ्यांवर बहुधा भाजल्याचे डाग असत. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला टोंकिन बांबू मिळू लागला आणि त्याने कलकत्ता केनची जागा घेतली. तेव्हा ‘आपल्या बांबूची कुठे गळकाठी होते’ असे कोणी म्हटले, तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

४. बेटातून काठी निवडणे

बांबूची काठी एका हंगामातच पूर्ण उंची गाठते. तिची जाडी पुढे वाढत नाही. वर्षागणिक ती फक्त आतून पक्की होत जाते. तुम्हाला तीन ते चार वर्षांची काठी हवी आहे. कोवळी काठी वाळताना सुरकुतते आणि फार जुनी ठिसूळ होते.

वय असे ओळखावे. पहिल्या वर्षाच्या काठीचा रंग गडद हिरवा असतो, कांड्यांवर पांढरट भुकटी दिसते आणि खालच्या गाठींवर कोंबाच्या वेष्टनाचे अवशेष चिकटलेले असतात. दुसऱ्या वर्षी वेष्टने गळतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवेपणा फिका पडून त्यात पिवळसर छटा येते, सालीवर शेवाळासारखे करडे ठिपके बसू लागतात आणि कोयत्याच्या पाठीने टकटक केले असता बद्द आवाज न येता खणखणीत आवाज येतो. नवे कोंब बेटाच्या कडेला फुटतात, त्यामुळे जुन्या काठ्या मधल्या भागात सापडतात. कडेच्या काठ्या सोप्या म्हणून तोडल्या तर तुम्ही कच्चा माल घरी नेता आणि पुढच्या वर्षांचे बेटही मोडता.

बुंध्यापाशी अंगठ्याएवढी, म्हणजे वीस ते पंचवीस मिलिमीटर जाडीची, हळूहळू निमुळती होत जाणारी काठी शोधावी. अशा सडपातळ काठ्या कातळाजवळच्या कमी मातीच्या बांधावर जास्त मिळतात. थोडा एकसारखा बाक चालतो, तो शेकून काढता येतो. एखाद्या गाठीशी अचानक मोडलेला कोन, कांड्यावर उभी चीर, किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर ती काठी सोडून द्यावी. एका गळकाठीसाठी किमान चार-पाच काठ्या आणाव्यात, कारण वाळताना एखादी तडकते आणि एखादी शेकताना करपते.

तोडताना कोयता धारदार असावा. जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या लगेच वर तिरका घाव घालावा, म्हणजे उरलेल्या खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. बाजूच्या फांद्या काढताना कोयता फांदीच्या खालच्या बाजूने शेंड्याच्या दिशेने चालवावा. फांदी हाताने खाली ओढून तोडली, तर तिच्याबरोबर वीतभर साल सोलून येते, आणि साल गेलेल्या जागी काठी हमखास मोडते.

बेटात शिरताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत. कोंबाच्या वेष्टनावरची कुसे अंगात रुतली की दिवसभर खाज थांबत नाही. हिरवा चापडा हा विषारी साप बांबूच्या रंगात असा मिसळून जातो की हात घालण्याआधी प्रत्येक फांदी डोळ्यांनी पाहूनच घ्यावी.

शहरातल्या माणसाला बेट मिळाले नाही, तर बुरडांकडे जावे. पुण्यात बुरूड आळी आहे, इतर शहरांतही अशी वस्ती असते. तेथे ‘गळाच्या काठीला हवा, वाळलेला आणि बारीक’ असे स्पष्ट सांगावे. रचलेल्या ढिगाखाली पिठासारखी पिवळसर भुकटी पडलेली दिसली, तर त्या ढिगातला बांबू घेऊ नये. आत भुंगेरा काम करतो आहे.

५. साहित्य आणि हत्यारे

बारीक दातांची करवत किंवा हॅकसॉ, धारदार चाकू, एक सपाट आणि एक गोल कानस, लांब लोखंडी सळई, कोळशाची शेगडी, गोणपाटाचा तुकडा, दहा फूट लांब आणि चार इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप, एकात एक घट्ट बसणाऱ्या दोन पितळी नळ्या (प्रत्येकी चार इंच), दोन भागांचे इपॉक्सी, रेशमी किंवा नायलॉनचा बारीक धागा, एक ते सव्वा मिलिमीटरची स्टेनलेस तार, चांगल्या प्रतीचे पॉलियुरेथेन वार्निश, मऊ ब्रश, ४०० नंबरचा वॉटर पेपर आणि मेणबत्ती. रीळ लावणार असाल तर लहान रीळ आणि ते धरणाऱ्या दोन कड्या. यातल्या पितळी नळ्या मोजूनमापून घ्याव्यात. दुकानात एकात एक घालून पाहाव्यात. सैल खुळखुळणारी जोडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

६. कीड प्रतिबंध आणि वाळवण

बांबू किडतो तो त्यातल्या पिठूळ द्रव्यामुळे. ते कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे काठ्या वाहत्या ओढ्यात दगडांखाली पंधरा-वीस दिवस बुडवून ठेवणे. पाण्याला वास येतो, काठ्यांवर बुळबुळीत थर चढतो, पण काम होते. दुसरा मार्ग बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचा. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स विरघळवले की पाच टक्क्यांचे द्रावण होते. पीव्हीसी पाइपचे एक टोक टोपणाने बंद करून तो भिंतीला तिरका बांधावा, त्यात काठ्या सोडाव्यात आणि द्रावण भरून आठवडाभर ठेवावे. हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

शेंड्याकडच्या भागात जेथे पोकळी आहे, तेथे गाठींच्या आतले पडदे तापवलेल्या सळईने आधीच फोडून घ्यावेत. त्यामुळे द्रावण आत शिरते आणि पुढे शेक देताना कांड्यात अडकलेली वाफ फटाक्यासारखी फुटत नाही.

आता वाळवण. काठ्या उन्हात ठेवू नयेत. एका बाजूने भराभर वाळून त्या चिरतात. पडवीत किंवा माडीवर, वारा खेळेल पण ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी, शेंडा खाली करून त्या टांगाव्यात आणि शेंड्याला अर्धी वीट बांधावी. वजनामुळे काठी वाळता वाळताच बरीचशी सरळ होते. हिरवा रंग जाऊन गवती पिवळा येईपर्यंत दोन-तीन महिने लागतात. रंगावर मात्र विसंबू नये. दर आठवड्याला काठी तराजूवर तोलून वजन भिंतीवरच खडूने लिहावे. लागोपाठ तीन आठवडे वजन घटले नाही, तर काठी वाळली असे समजावे. साल पिवळी झाली तरी गर ओला असतो आणि अशा काठीवर वार्निश चढवले की ती आतल्या आत कुजते.

७. शेक देऊन काठी सरळ करणे

सगळ्या कामातला हा सर्वांत रमणीय आणि सर्वांत नाजूक भाग आहे. उष्णतेने बांबूतले तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य मऊ होते. त्या क्षणी काठीला जो आकार द्याल तो थंड झाल्यावर कायम राहतो.

शेगडी अंगणात ठेवावी, बंद खोलीत कोळसा पेटवू नये. ज्वाळा पूर्ण विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की काम सुरू करावे. काठी निखाऱ्यांपासून चार बोटे वर धरून सतत गोल फिरवावी आणि पुढे-मागे सरकवत राहावे. थोड्या वेळाने सालीवर बारीक घामासारखे तेल फुटते. ते गोणपाटाने लगेच पुसून घ्यावे; पुसलेली साल चकाकते आणि तिचा रंग मधासारखा होतो. तेल सुटल्यानंतर काही क्षणांतच हाताला काठी ‘सैल’ झाल्याचे जाणवते. तेव्हा ती निखाऱ्यांवरून काढून बाकाच्या उलट दिशेने, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे वाकवावी आणि तशीच धरून ओल्या फडक्याने थंड करावी. जोर लावावा लागत असेल तर ती अजून तापलेली नाही. जोराने फक्त चीर पडते.

क्रम असा ठेवावा: आधी बुंध्याकडून शेंड्याकडे एकेक कांडे सरळ करावे, मग गाठी घ्याव्यात. गाठीला उष्णता जास्त लागते आणि तेथेच काठी लवकर करपते. तपकिरी छटा आली तर हरकत नाही, काळा डाग आला तर ती जागा मेली. काठी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीतून पाहावे तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहत राहावे आणि फिरवत फिरवत तपासावे. जपानमधले एदो वाझाओ परंपरेचे कारागीर बारीक बांबूच्या काठ्या करतात आणि या कलेला तेथील सरकारने १९९१ साली पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. ते या कामासाठी तिरकी खाच पाडलेला लाकडी ठोकळा वापरतात. खाचेत काठी अडकवली की नेमक्या एका गाठीवर दाब देता येतो. सागवानाच्या तुकड्यात असा ठोकळा घरी अर्ध्या तासात होतो आणि गुडघ्यावर काठी वाकवण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे.

एका बैठकीत काठी पूर्ण सरळ होत नाही. आठ-दहा दिवस ती टांगून ठेवावी, थोडा बाक परत येतो, मग पुन्हा शेकावे. दुसऱ्या-तिसऱ्या शेकानंतर ती स्थिरावते. काठी बाणासारखी सरळ झाली पाहिजे असा हट्ट धरू नये. गाठीगाठीशी जरासे नागमोडीपण राहिले तरी मासा तक्रार करत नाही.

८. सालीला हात लावू नका

हा वेगळा मथळा मुद्दाम दिला आहे. बांबूचे सर्वांत दाट आणि चिवट तंतू सालीच्या लगेच खाली असतात; आत जावे तसे ते विरळ होत जातात. पॉलिश पेपरने किंवा रंध्याने काठी गुळगुळीत करणे म्हणजे तिचे बळच खरवडून टाकणे होय. कानस फक्त गाठीच्या उंच कंगोऱ्यावर आणि फांदीच्या खुंटावर फिरवावी, तीही आजूबाजूच्या सालीच्या पातळीला येईपर्यंतच. वार्निश धरावे म्हणून वॉटर पेपरचा एक हलका हात पुरे, त्याने चकाकी जाते पण साल जात नाही.

९. तुकडे करणे आणि पितळी जोड

अखंड दहा फुटी काठी बसमध्ये, रेल्वेत आणि जिन्यात सारखाच त्रास देते, म्हणून दोन तुकडे सोयीचे. काठी मधोमध, पण कांड्याच्या मध्यावर कापावी. गाठीवर किंवा गाठीच्या अगदी जवळ कापू नये. कापण्याआधी त्या जागी धाग्याचे घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे करवतीने साल फाटत नाही.

बाहेरची नळी खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकावर बसते. तिची निम्मी लांबी काठीवर चिकटते आणि निम्मी रिकामी पुढे राहते. आतली नळी वरच्या तुकड्याच्या खालच्या टोकावर पूर्ण बसते आणि तिचा अर्धा भाग पहिल्या नळीत शिरतो. फक्त नळीखालच्या जागेपुरती साल घासून जाडी जुळवावी; संपूर्ण कामात साल काढण्याची परवानगी एवढ्याच जागी आहे. नळीचे जे टोक काठीवर संपते, तेथे हॅकसॉने चार उभ्या खाचा पाच मिलिमीटर खोल पाडाव्यात आणि त्या पाकळ्या कानशीने पातळ कराव्यात. हे काम किचकट वाटते म्हणून बरेचजण टाळतात आणि मग काठी नेमकी पितळेच्या कडेला मोडते, कारण वाकणारा बांबू आणि न वाकणारे पितळ यांच्या सीमेवर सगळा ताण येतो. पातळ पाकळ्यांवरून धागा गुंडाळला की तो ताण विभागला जातो.

इपॉक्सी लावण्यापूर्वी नळी आतून खरबरीत करून पुसून घ्यावी. दोन्ही तुकडे जोडून, सरळ रेषेत ठेवून चोवीस तास हलवू नयेत. जोडाच्या घर्षणाच्या भागाला तेल लावू नये, मेणबत्ती चोळावी. जोड सोडवताना तुकडे सरळ ओढावेत, पिळू नयेत.

१०. कड्या आणि धागा

रीळ लावायचे नसेल तर कड्यांची गरज नाही. शेंड्याला मजबूत धाग्याचा फास बांधून त्यात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) अडकवावा. तरीही तंगूसाचे मागचे टोक काठीच्या अंगाने मुठीपर्यंत आणून तेथे बांधण्याची जुनी पद्धत सोडू नये. शेंडा मोडला तरी मासा हातातून जात नाही.

रिळासाठी शेंड्याची एक आणि अंगावर पाच-सहा कड्या लागतात. स्टेनलेस तार खिळ्याभोवती वळवून, दोन्ही पाय चपटे ठोकून त्या घरी होतात. शेंड्याकडे कड्या जवळजवळ आणि मुठीकडे लांब लांब असाव्यात. नेमकी जागा ठरवण्यासाठी कड्या आधी सेलोटेपने चिकटवाव्यात, तंगूस ओवावा, शेंड्याला दोन-अडीचशे ग्रॅमचे वजन टांगून काठी आडवी धरावी आणि तंगूस काठीच्या बाकाला समांतर जातो का ते पाहावे. दोन कड्यांच्या मध्ये तो काठीला चिकटत असेल, तर तेथे आणखी एक कडी हवी. याच वेळी काठीचा बाकही तपासून होतो: तो शेंड्यापासून मधल्या जोडापर्यंत सलग उतरला पाहिजे, कोठे कोपरा दिसता कामा नये.

धाग्याचे वेढे असे घ्यावेत. सुरुवातीचे टोक काठीवर लांबट ठेवून त्यावरूनच पाच-सहा वेढे द्यावेत, उरलेले टोक कापावे आणि मग वेढ्याला वेढा टेकवत पुढे जावे. शेवटचे पाच-सहा वेढे राहिले की वेगळ्या धाग्याचा एक फास काठीवर आडवा ठेवून त्यावरून वेढे पूर्ण करावेत, मुख्य धागा कापून त्याचे टोक फासात घालावे आणि फास ओढावा. टोक वेढ्यांखाली जाऊन अडकते, गाठ मारावी लागत नाही. वेढ्यांमध्ये फट राहिली तर नखाने सारून घ्यावे. कड्यांच्या पायांवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि शेंड्याच्या टोकाशी असे वेढे हवेत. प्रत्येक गाठीवर नक्षीसाठी रंगीत धागा बांधण्याचा मोह होतो. दोन-चार ठिकाणी शोभतो, त्याहून जास्त ठिकाणी काठी उगाच जड होते.

११. वार्निश

सकाळी, वारा पडलेला असताना, झाडून नव्हे तर पुसून घेतलेल्या खोलीत काम करावे. पहिला हात वार्निशमध्ये थोडे थिनर मिसळून द्यावा, म्हणजे ते धाग्यात मुरते. चोवीस तासांनी वॉटर पेपर हलका फिरवून दुसरा हात, आणि तसाच तिसरा. तीन पातळ हात पुष्कळ झाले. जाड थर काठी वाकल्यावर तडकतो आणि त्या भेगेतून पाणी आत शिरते. बुंध्याचे कापलेले तोंड आणि फांद्यांच्या खुणा मात्र दोनदा भिजवून घ्याव्यात, कारण पाणी शिरण्याच्या जागा त्याच. मुठीला सुती दोरी गुंडाळली की हात घसरत नाही.

१२. वापर आणि निगा

खाडीवरून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवावी, पुसावी आणि दोन्ही तुकडे वेगळे करून टांगून ठेवावेत. कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवलेली काठी महिनाभरात त्याच दिशेने वाकते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नये. बाक आलाच तर पुढच्या वैशाखात वार्निश खरवडून तेवढ्या भागाला पुन्हा शेक द्यावा आणि नवा हात फिरवावा. काठीने मासा उचलून हवेत घेऊ नये. किलोभराचा मासा पाण्यात सहज दमतो, पण काठावर उचलताना तोच शेंडा मोडतो. हातजाळी जवळ ठेवावी.

ओली काठी वीज वाहून नेते. दहा फुटी काठी उभी धरून विजेच्या तारांखालून चालू नये आणि आभाळात गडगडाट सुरू झाला की ती आडवी ठेवून निघावे.

१३. पट्ट्यांची षट्कोनी काठी

ही काठी जमली की बऱ्याच जणांना बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेली काठी करावीशी वाटते. तिच्यातल्या प्रत्येक पट्टीचा कोन साठ अंशांचा असतो आणि प्रत्येक पट्टी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ठरलेल्या मापाने निमुळती रंधावी लागते. त्यासाठी खाच पाडलेला पोलादी साचा लागतो आणि माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळावे लागते. मत विचाराल, तर दोन-तीन अखंड काठ्या नीट झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. बांबू शेकाला कसा वागतो हे हाताला कळल्याशिवाय महागडा साचा घेऊन उपयोग होत नाही.

तोवर एक काम करून ठेवावे. बेटातून आणलेल्या चार-पाच काठ्यांपैकी जी दुसऱ्या क्रमांकाची चांगली निघेल, तिचा वरचा तुकडाही शेकून, त्याच मापाची आतली नळी बसवून, कड्यांसह तयार ठेवावा. मोडतो तो बहुतेक वेळा शेंडा, आणि तो ऐन हंगामात मोडतो.